बटणावरचे अक्षर कोण ठरवते?

कीबोर्डची मांडणी बदलणे आणि कीबोर्ड स्वतः बांधणे: कोणत्या अडचणीला कोणता उपाय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या बाजारपेठेत ऑनलाइन अर्ज भरून देणारी, सातबारा काढून देणारी, झेरॉक्स आणि टायपिंगची कामे करणारी दुकाने आहेत. तशी ती राजुऱ्यात आहेत, कोरपन्यात आहेत, महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. तिथल्या कीबोर्डकडे नीट पाहिले तर एक कोडे पडते. बटणांवर छापलेली अक्षरे इंग्रजी असतात, तरी पडद्यावर अर्जदाराचे नाव मराठीत उमटत असते. बरे, सगळ्यांची बोटे सारखीही चालत नाहीत. एकजण ‘जे’ छापलेले बटण दाबतो आणि ‘र’ उमटतो. शेजारच्या दुकानात त्याच बटणातून ‘ज’ येतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या माणसाची बोटे या दोघांपेक्षा वेगळ्याच वाटेने जातात. कीबोर्ड मात्र तिघांकडे एकाच बनावटीचा असू शकतो.

याच कोड्याला आता नवी बाजू आली आहे. मेकॅनिकल कीबोर्डची आवड असलेले तरुण सुटे भाग मागवून आपल्या हाताने कीबोर्ड जुळवतात. त्यांतल्या अनेकांच्या मनात येते, की आपण खास मराठीसाठीच कीबोर्ड का बांधू नये? आणि ज्यांना रोज आठ तास टंकलेखन करावे लागते ते विचारतात, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा असलेल्या कीबोर्डचीच मांडणी बदलता येणार नाही का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: बटण दाबल्यावर अक्षर नेमके कोणत्या टप्प्यावर ठरते? तो टप्पा कळला की पैसे आणि श्रम कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे आपोआप उलगडते.

बोटापासून पडद्यापर्यंत

बटण दाबणे आणि अक्षर दिसणे यांत क्षणाचेही अंतर जाणवत नाही. पण त्या क्षणात पाच कामे होतात.

पहिले काम स्विचचे. प्रत्येक बटणाखाली विजेचा एक छोटा खटका असतो. स्वस्त कीबोर्डमध्ये तो रबराच्या फुगवट्याखाली असलेल्या दोन पातळ पडद्यांनी बनतो. फुगवटा दबला की पडदे एकमेकांना टेकतात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा, वेगळा, स्प्रिंग आणि धातूच्या पट्ट्या असलेला स्विच असतो. त्याची नेहमीची धाव सुमारे ४ मिलिमीटर असते आणि साधारण २ मिलिमीटर खाली गेल्यावर वीज जोडली जाते. म्हणून बटण तळाला आपटेपर्यंत दाबायची गरज उरत नाही.

दुसरे काम कोणते बटण दाबले ते शोधण्याचे. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणे असतात. प्रत्येकाला वेगळी तार दिली तर शंभराहून अधिक तारा लागतील. म्हणून आत आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या तारा आहेत. त्या १२८ ठिकाणी एकमेकींना छेदतात, म्हणजे अवघ्या २४ तारांत १०४ बटणे सहज मावतात. कीबोर्डमधली छोटी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एकेका तारेत क्रमाने वीज सोडते आणि दुसऱ्या दिशेच्या कोणत्या तारेत ती पोचली ते पाहते. एका सेकंदात ती ही फेरी शेकडो वेळा पूर्ण करते. जिथे वीज पोचली त्या छेदावरचे बटण दाबलेले आहे.

तिसरे काम खात्री करण्याचे. धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकताना काही क्षण थरथरतात. ती थरथर प्रत्येक वेळी मोजली तर एकदा दाबलेले अक्षर दोनदा उमटेल. म्हणून चिप साधारण ५ मिलिसेकंद थांबते आणि मग बटण दाबले गेल्याचे मान्य करते. सिमेंट आणि चुनखडीच्या वाहतुकीने गडचांदूरच्या हवेत धूळ कायम असते. अशी धूळ स्विचमध्ये शिरली की हा स्पर्श बिघडू शकतो, आणि मग एकाच दाबात दोन अक्षरे येऊ लागतात.

चौथे काम संगणकाला कळवण्याचे. कीबोर्ड त्या बटणाचा एक ठरलेला क्रमांक पाठवतो. पाचवे काम संगणकाचे. तो हा क्रमांक घेऊन आपल्याकडचा तक्ता उघडतो, त्यापुढे कोणते अक्षर लिहिले आहे ते पाहतो, आणि फाँटच्या मदतीने ते पडद्यावर रेखाटतो.

अक्षर ठरते ते या पाचव्या कामात.

कीबोर्डला ‘क’ येत नाही

यूएसबी कीबोर्डने संगणकाशी कसे बोलावे याचे जगभर एक प्रमाण आहे. त्यात प्रत्येक बटणाच्या जागेला क्रमांक दिलेला आहे. ‘ए’ छापलेल्या बटणाचा क्रमांक ४, ‘बी’चा ५, असे करत ‘झेड’चा २९. शिफ्ट दाबलेले आहे की नाही, ही खूण वेगळी जाते. या यादीत देवनागरी अक्षरे नाहीत. आपण ‘के’ छापलेले बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड फक्त ‘१४’ एवढेच सांगतो. संगणकावर इंग्रजी मांडणी चालू असेल तर १४ पुढे ‘के’ लिहिलेले असते. इन्स्क्रिप्ट ही मराठी मांडणी चालू असेल तर ‘क’ असतो, आणि संगणक युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीतला २३२५ हा ‘क’चा क्रमांक मजकुरात नोंदवतो. कीबोर्डकडून १४ आले आणि फाइलीत २३२५ गेले. मधला बदल कीबोर्डने केलेला नाही.

गडचांदूर हाच शब्द घेऊ. इन्स्क्रिप्टमध्ये त्याला आठ बटणे लागतात: ग, ड, च, काना, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. यांतल्या एकालाही शिफ्ट लागत नाही. कीबोर्डकडून क्रमाने निघतात ते आकडे असे: १२, ४७, ५१, ८, २७, १८, २३, १३. मराठी मांडणी चालू असेल तर पडद्यावर गावाचे नाव येते. चुकून इंग्रजी राहिली असेल तर तेच आठ आकडे ‘आय’, चौकटी कंस, अर्धविराम, ‘ई’, ‘एक्स’, ‘ओ’, ‘टी’, ‘जे’ अशी निरर्थक ओळ उमटवतात. दोन्ही वेळा कीबोर्डने एकच काम केलेले असते.

एसटी स्थानकावरच्या फलाटांसारखे हे आहे. राजुऱ्याच्या स्थानकात एखाद्या फलाटावर चंद्रपूरची गाडी लागेल की आदिलाबादची, हे फलाटाचे सिमेंट ठरवत नाही, वेळापत्रक ठरवते. गाड्यांच्या जागा बदलायच्या असतील तर वेळापत्रक बदलावे. फलाटच कमी पडत असतील, किंवा प्रवाशांना चढता येणार नाही इतके उंच असतील, तर मात्र बांधकाम काढावे लागते. मांडणी बदलणे हे वेळापत्रक बदलणे आहे, आणि कीबोर्ड बांधणे हे नवे स्थानक उभारणे आहे.

याचा देशव्यापी पुरावा आपण सर्वांनी पाहिला आहे. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने रुपयाचे ₹ हे चिन्ह स्वीकारले. त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली. देशातल्या जुन्या कीबोर्डांवर हे चिन्ह कुठेही छापलेले नव्हते. तरीही संगणकातले तक्ते आणि फाँट अद्ययावत झाल्यावर त्याच जुन्या कीबोर्डांवरून ते टाइप होऊ लागले. ‘इंग्रजी (भारत)’ मांडणीत उजवे ऑल्ट आणि ४ दाबले की ₹ येतो. त्यासाठी कोणालाही कीबोर्ड फेकावा लागला नाही.

मराठीच्या तीन वाटा

टाइपरायटरच्या काळात गोष्ट वेगळी होती. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टनच्या पहिल्या यंत्रापासून पुढे शंभर वर्षे अक्षर आणि बटण लोखंडाने जोडलेले होते. बटण दाबले की एक दांडी उचलली जाई आणि तिच्या टोकावर ओतलेले अक्षर फितीवर आपटे. मांडणी बदलायची म्हणजे दांड्यांच्या टोकांवरचे खिळे बदलायचे. तिथे मांडणी आणि यंत्र ही एकच वस्तू होती. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, तोही याच तत्त्वाचा.

दांड्या मोजक्या आणि देवनागरीची रूपे भरपूर, म्हणून टाइपरायटरने एक युक्ती केली. अनेक अक्षरांचा अर्धा भाग एका बटणावर ठेवला, आणि पूर्ण अक्षर हवे असेल तर पुढे काना जोडायचा. कागद एकाच दिशेने सरकत असल्याने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती डावीकडे दिसते. हीच सवय ‘रेमिंग्टन’ या नावाने संगणकावर आली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची मिनिटाला ३० शब्दांची अट असते. ती पार करण्यासाठी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घडलेली हजारो बोटे या मांडणीवर आजही तरबेज आहेत.

दुसरी वाट इन्स्क्रिप्टची. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आणली, नंतर सुधारली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तिची रचना वर्णमालेच्या शहाणपणावर उभी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. मराठी अक्षरांत व्यंजन आणि मात्रा आलटून पालटून येतात, म्हणून हातही आलटून पालटून चालतात. शिफ्टचा उपयोगही तर्काने केलेला आहे: ‘क’ला शिफ्ट दिले की ‘ख’, ‘ग’ला दिले की ‘घ’, ‘त’ला दिले की ‘थ’. मात्रेला शिफ्ट दिले की तिचा स्वर: ‘ि’ची ‘इ’ होते. जोडाक्षर करणारा हलन्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, विसाव्याच्या ओळीतच आहे. २६ अक्षरांसाठी घडलेल्या यंत्रात आपली वर्णमाला इतक्या सुसूत्रपणे बसवणे ही मोठी कामगिरी आहे, आणि ती शाळांतून शिकवली जावी असे मला मनापासून वाटते.

तिसरी वाट उच्चारानुसारी. ज्याला इंग्रजी मांडणी पाठ आहे तो रोमन अक्षरांत उच्चार लिहितो आणि संगणक त्याचे देवनागरी करतो. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीसाठी अशी मांडणी अंगभूत मिळते.

तिन्ही वाटा एकाच कीबोर्डवर चालतात. सुरुवातीचे कोडे इथे सुटते: तिघांच्या संगणकांत तीन वेगळे तक्ते होते.

आणखी एक त्रास बरेचदा कीबोर्डच्या माथी मारला जातो. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये तयार केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे दिसतात. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी आकार बसवलेला असतो. फाँट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते. हा दोष मजकूर साठवण्याच्या पद्धतीत आहे. कितीही महागडा कीबोर्ड आणला तरी तो दुरुस्त होणार नाही. त्यावर उपाय युनिकोडमध्ये लिहिणे हाच.

मांडणी कुठे कुठे बदलता येते?

पहिली जागा संगणकातला तक्ता. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोज-बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. तयार तक्ता पसंत नसेल तर तो स्वतः घडवता येतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे कीबोर्ड लेआउट क्रिएटर आहे, मॅकसाठी उकेलेली आहे, आणि अनेक प्रणालींवर चालणारे कीमॅन आहे. तिन्ही मोफत आहेत. लिनक्समध्ये तर हा तक्ता साध्या मजकूर-फाइलीतच लिहिलेला असतो.

याचा मराठीला प्रत्यक्ष काय फायदा? ‘ॲ’ हे अक्षर घ्या. ॲड., ॲप, ॲडमिशन असे शब्द आपण रोज लिहितो. इन्स्क्रिप्टच्या जुन्या मांडणीत ‘ऍ’ हे रूप होते. मराठीच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्यामुळे अनेकजण ‘अ’ लिहून वर चंद्र देतात. दिसायला सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर आहेत. एका पद्धतीने नोंदवलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही. आपल्या तक्त्यात एका सोयीच्या बटणावर खरा ‘ॲ’ ठेवला की हा घोटाळा कायमचा मिटतो.

रफारातही तसेच. माणिकगडच्या परिसरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांत लिहिताना फरक एका शिफ्टचा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये साध्या ‘र’ऐवजी शिफ्टसह ‘ऱ’ घेतला आणि पुढे हलन्त व ‘य’ दिला की ‘ऱ्य’ तयार होतो. ज्यांना हे ठाऊक नाही ते दुकानावरच्या पाट्यांपासून सरकारी पत्रांपर्यंत चुकीचा रफार ठेवून देतात. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ एकेका बटणावर बसवणारा तक्ता बनवणे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

दुसरी जागा बटणांची अदलाबदल. कॅप्सलॉकसारख्या मोठ्या पण मराठीत निरुपयोगी बटणाला भाषा बदलण्याचे काम देता येते. यासाठी विंडोजवर पॉवरटॉइजसारखी साधने मोफत आहेत.

तिसरी जागा कीबोर्डच्या आतली चिप. काही मेकॅनिकल कीबोर्डमधला आज्ञासंच, म्हणजे फर्मवेअर, मालकाला बदलता येतो. क्यूएमके हा मुक्त आज्ञासंच आणि त्याला जोडून वापरले जाणारे व्हाया हे साधन यासाठी प्रसिद्ध आहेत. यातून एका बटणाला दोन कामे देता येतात: हलके दाबून सोडले तर एक, धरून ठेवले तर दुसरे. बोटे न हलवता अक्षरांच्या जागी बाणांची किंवा आकड्यांची बटणे आणता येतात. या प्रत्येक संचाला थर म्हणतात. हा बदल कीबोर्डमध्येच राहतो, म्हणून तो कोणत्याही संगणकाला जोडला तरी सोबत येतो.

पण मर्यादाही इथेच आहे. चिप शेवटी ठरलेले क्रमांकच पाठवू शकते, आणि त्या क्रमांकांत ‘क’ नाही. फर्मवेअरमध्ये युनिकोड पाठवण्याच्या काही क्लृप्त्या आहेत. त्या वेगवेगळ्या प्रणालींत वेगवेगळ्या चालतात आणि सलग मराठी लिहिण्यासाठी भरवशाच्या नाहीत. म्हणून मराठीचा तक्ता संगणकातच लागतो.

मांडणी बदलताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परीक्षेला किंवा कार्यालयात आपला तक्ता मिळेलच असे नाही, म्हणून प्रमाण मांडणी हाताला राहिली पाहिजे. आणि बटणांवरच्या टोप्या, म्हणजे कीकॅप, काढून दुसऱ्या ओळीत लावल्या तर बहुतेक कीबोर्डवर त्या वरखाली दिसतात, कारण प्रत्येक ओळीच्या टोपीची उंची आणि उतार वेगळा असतो. अक्षरे दिसायला हवी असतील तर पारदर्शक देवनागरी स्टिकर लावणे सोपे.

स्वतः बांधण्यात काय असते?

बांधणीचे भाग मोजके आहेत: स्विच, त्यांवरच्या टोप्या, स्विच बसवायची पट्टी, तारांची जाळी छापलेला सर्किट बोर्ड, मायक्रोकंट्रोलर आणि खोका. दोन बटणांच्या मध्यांतले अंतर साधारणपणे १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच ठेवतात. स्विचसाठीचे चौकोनी भोक १४ मिलिमीटरचे असते.

स्विच तीन स्वभावांचे मिळतात. लाल सरळ खाली जातात. तपकिरी मध्ये हलकासा अडथळा देतात, त्यामुळे बटण लागल्याचे बोटाला कळते. निळे त्याच जागी टकटक आवाज करतात. चेरी या जर्मन कंपनीच्या लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅमचा भार पुरतो. ज्या खोलीत चारजण काम करतात तिथे निळे स्विच टाळलेले बरे.

समजा ६० बटणांचा कीबोर्ड करायचा आहे. ५ आडव्या ओळी, १२ उभे स्तंभ: एकूण १७ तारा. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर अशा २६ तारा जोडता येतात, म्हणजे हिशेब आरामात बसतो. आता प्रत्येक बटणाला एक डायोड लावायचा. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. तो का लागतो? जाळीत चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे एकदम दाबली तर वीज आडवाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यावर पोचते, आणि न दाबलेले बटण दाबल्याचे चिपला वाटते. डायोडमुळे ती आडवाट बंद होते. ६० बटणांना ६० डायोड, आणि प्रत्येकाची दिशा सारखी हवी. एकाची दिशा उलटली की ते बटण मुके होते.

मग सोल्डरिंग. ज्यांना डाग द्यायचा सराव नाही त्यांच्यासाठी हॉटस्वॅप बोर्ड मिळतात. त्यांत स्विच खोबणीत दाबून बसवायचा आणि बिघडला तर उपटून नवा लावायचा. धुळीच्या गावात ही सोय मोलाची आहे, कारण एका स्विचसाठी संपूर्ण कीबोर्ड टाकावा लागत नाही. शेवटी चिपमध्ये फर्मवेअर घालायचे: कोणती तार कोणत्या पायाला जोडली आणि कोणत्या छेदाचा क्रमांक कोणता, एवढे त्यात लिहिलेले असते.

एवढे करून मिळते काय? जे वेळापत्रक बदलून मिळत नाही ते: बटणांची जागा, संख्या, आकार आणि स्पर्श. नेहमीच्या कीबोर्डवर ओळी तिरक्या सरकलेल्या असतात. ती टाइपरायटरच्या दांड्यांना जागा मिळावी म्हणून केलेली सोय होती. आज तिची गरज नाही. बांधताना स्तंभ सरळ ठेवता येतात. दोन्ही हात जवळ आणल्याने मनगटे बाहेरच्या बाजूला वळून दुखत असतील तर कीबोर्डचे दोन भाग करून खांद्याइतके अंतर ठेवता येते. ज्याला एका हाताचा किंवा काही बोटांचाच वापर करता येतो त्याच्यासाठी बटणे हव्या त्या जागी आणता येतात. माझ्या मते बांधणीचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे.

मराठीसाठी तर एक खास संधी आहे. आपले दोन्ही अंगठे मिळून फक्त एक स्पेसबार दाबतात. बांधलेल्या कीबोर्डवर अंगठ्यांखाली चार-सहा बटणे देता येतात. जोडाक्षरांनी भरलेल्या मजकुरात हलन्त पुन्हा पुन्हा लागतो. तो आणि शिफ्ट अंगठ्यांकडे सोपवले तर मधल्या बोटावरचा आणि करंगळीवरचा भार कमी होतो. मात्र इथेही काम दोघांनी वाटून घ्यायचे आहे. नवे बटण देईल कीबोर्ड, आणि त्याचा अर्थ हलन्त आहे हे सांगेल संगणकातला तक्ता.

मुंबईत झालेला एक प्रयोग

देवनागरीसाठी मुळापासून वेगळा कीबोर्ड बनवण्याचा विचार महाराष्ट्रात झालेला आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ नावाचा कीबोर्ड घडवला आणि २००४ मध्ये तो संशोधकांपुढे मांडला. त्यामागचा विचार साधा आणि मोलाचा होता. ज्याने कधी टंकलेखन केलेले नाही, इंग्रजी येत नाही, पण वर्णमाला शाळेत म्हटली आहे, अशा माणसाला अक्षर शोधावे लागू नये. म्हणून बटणे वर्णमालेच्या क्रमाने, वर्गांच्या चौकटीत बसवली: क-ख-ग-घ एका रांगेत, पुढच्या रांगेत च-छ-ज-झ.

नवखा माणूस आणि सराईत टंकलेखक यांच्या गरजा वेगळ्या असतात, हे त्यातून शिकण्यासारखे. नवख्याला अक्षर दिसायला हवे, सराईताला ते बोटांत हवे.

पुढे याच केंद्रातून मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ आले. त्यातही व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने आहेत, आणि व्यंजनावर बोट ठेवले की भोवती त्याच्या मात्रांचे चक्र उघडते. काचेच्या पडद्यावर बटणेही चित्रेच असल्याने वर्णमालेची चौकट घरोघरी पोचवायला कारखाना लागला नाही. सुटा कीबोर्ड बनवून विकण्यापेक्षा तक्ता वाटणे किती सोपे, याचे हे आपल्या भाषेतले ठळक उदाहरण आहे.

चौकट: अडचण कोणती, उपाय कुठे?

• मराठी टाइपच होत नाही, किंवा हवी ती मांडणी नाही: संगणकात मराठीची मांडणी जोडा. खर्च शून्य.
• ‘ॲ’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ पटकन मिळत नाहीत: तक्ता स्वतः सुधारा.
• जुनी फाइल उघडल्यावर अक्षरे विचित्र दिसतात: फाँटचा दोष आहे, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा.
• दरवेळी वेगळ्या संगणकावर काम, पण बटणांच्या जागा आपल्याच हव्यात: फर्मवेअर बदलता येणारा कीबोर्ड घ्या, मराठीचा तक्ता मात्र प्रत्येक संगणकावर लागेल.
• एक दाबले की दोन अक्षरे येतात: स्विच साफ करा किंवा बदला. हॉटस्वॅप असेल तर काम सोपे.
• बोटे पोचत नाहीत, मनगट वळते, बटणे कमी पडतात: इथे बांधणीचा विचार करा.

नव्या लिपीला कीबोर्ड कोण देणार?

या सगळ्याचे महत्त्व चंद्रपूर आणि गडचिरोलीत आणखी एका कारणाने आहे. इथे मराठीबरोबर गोंडीही अनेक घरांत बोलली जाते. गोंडी देवनागरीतही लिहितात आणि तेलुगूतही, पण तिच्या स्वतःच्या लिप्या आहेत. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेल्या मसराम गोंडीला युनिकोडमध्ये २०१७ साली स्थान मिळाले. गडचांदूरहून जिवतीचे डोंगर ओलांडले की पलीकडे तेलंगण लागते. तिथल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांतून पुढे आलेल्या लिपीला गावाचेच नाव मिळाले, आणि गुंजाळा गोंडी २०१८ साली युनिकोडमध्ये दाखल झाली. दोन्ही लिप्यांसाठी नोटो मालिकेतले मोफत फाँट आहेत. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

अक्षरांना क्रमांक मिळाले, फाँट मिळाले. आता लिहायचे कशावर? गोंडी अक्षरे छापलेले कीबोर्ड कारखान्यातून येण्याची वाट पाहिली तर वर्षे जातील. पण आपण पाहिले, की कारखान्याची गरजच नाही. कीबोर्डकडून येणाऱ्या त्याच १२, १३, १४ या क्रमांकांपुढे गोंडी अक्षरे लिहिलेला तक्ता पुरेसा आहे. गोंडीचेही वर्ण व्यंजन आणि मात्रा यांतून जुळतात, त्यामुळे ज्याला इन्स्क्रिप्ट येते त्याच्यासाठी तीच रचना ठेवून ‘क’च्या जागी गोंडी ‘क’ बसवता येतो. गोंडी जाणणारा एक शिक्षक आणि संगणक जाणणारा एक विद्यार्थी एकत्र बसले तर कीमॅनसारख्या साधनात पहिला कच्चा तक्ता बनवू शकतात, आणि तो पेनड्राइव्हवरून जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत पोचवता येतो. चुकला तर दुरुस्त करून पुन्हा वाटता येतो. लोखंडी दांड्यांच्या काळात हे अशक्य होते.

म्हणून क्रम असा धरावा. आधी तक्ता बदलून पाहा, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि तो मागे घेता येतो. त्याने भागले नाही तर फर्मवेअर बदलता येणारा कीबोर्ड घ्या. हाताला, बोटांना, शरीराला वेगळे काही हवे आहे हे अनुभवाने ठरले, की मगच सोल्डरिंगची बंदूक हातात घ्या. बांधण्यात आनंद आहेच, आणि विजेची जाळी, डायोड, चिप हे सारे समजून घेण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही. आयटीआयच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या मुलांनी तो जरूर करावा. पण भाषेची अडचण भाषेच्या तक्त्यात सोडवायची असते. तो तक्ता लिहायला कंपनीची परवानगी लागत नाही आणि मोठे भांडवलही लागत नाही. भाषा नीट येणारे माणूस लागते, आणि अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत.